जागा शिल्लक आहे

आमचे अण्णा एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड कारकून होते. सुट्टीच्या दिवसांत त्यांचा जेवणाचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असे. डबा पोचवला की मी लगेच परतत नसे. रेकॉर्डच्या खोलीत एक स्टूल होतं, त्यावर बसून भिंतीला लागून गेलेल्या घोडा-फळ्या बघत राहायचो. लाल रुमालात बांधलेली दप्तरं, त्यांना लोंबणाऱ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यावर पसरलेला तो एक वास. जुना कागद, डांबराच्या गोळ्या आणि अण्णांची तपकीर यांचा मिळून झालेला. १९७९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट असेल. खेड्यातला एक म्हातारा शेतकरी अर्ज घेऊन आला होता आणि अण्णा त्याला सांगत होते, “आठ दिवसांनी या. आज नोंद करता येत नाही.”

म्हाताऱ्यानं फळ्यांकडे पाहिलं. जुनी दप्तरं नुकतीच दुसरीकडे हलवली होती आणि अर्ध्याअधिक फळ्या मोकळ्या होत्या. तो म्हणाला, “साहेब, कपाट तर रिकामं दिसतंय की!”

“कपाट रिकामं आहे हो,” अण्णा म्हणाले, “पण वही भरलीय.”

वहीत छापील क्रमांक असत. प्रत्येक कागदाला एक क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकापुढे एक ओळ. कागद कुणी दिला, कधी दिला, किती पानांचा आहे, कुठल्या फळीवर ठेवला, हे सगळं त्या ओळीत. शेवटचा क्रमांक संपला की नवी वही येईपर्यंत चिटोरंसुद्धा आत घ्यायचं नाही, असा शिरस्ता होता. नवी वही यथावकाश आली. तिच्यावरचे मथळे कन्नडमध्ये होते, म्हणून अण्णांनी पहिल्या पानावर शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी शब्द लिहून ठेवले होते. महिन्याभरात त्यांची गरज उरली नाही. अण्णांच्या दोन्ही भाषा सारख्याच वेगानं धावू लागल्या. पण पेन्सिलीची ती अक्षरं त्यांनी खोडली नाहीत.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवलं ते अडतीस वर्षांनी, बेंगळुरातल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात. तिथं मी संगणकांच्या साठवण-व्यवस्थेचा राखणदार होतो. हुद्द्याचं नाव मोठं आणि इंग्रजी होतं, पण काम अण्णांचंच. फळ्यांच्या जागी लोखंडी मांडण्या, दप्तरांच्या जागी डिस्का, आणि डांबराच्या गोळ्यांच्या जागी सतत घोंगावणारी थंड हवा. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली ‘परम’ महासंगणक तयार केला, तेव्हा पेपरातलं ते कात्रण अण्णांनी माझ्या टेबलाच्या काचेखाली सारलं होतं. “असल्या ठिकाणी काम मिळालं तर बघ,” म्हणाले होते. तसल्या ठिकाणी मिळालं, पण रेकॉर्डच्या खोलीतच मिळालं. वंशपरंपरा म्हणतात ती हीच असावी.

पुढची हकीकत कळायला दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. त्या जरा तांत्रिक आहेत, पण आपल्याकडे लग्नाच्या पंगती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना जड जाऊ नयेत.

पहिली गोष्ट अण्णांच्या वहीची. संगणकात फाइल ठेवली की तिच्या नावे एक टिपण तयार होतं, त्याला आयनोड म्हणतात. युनिक्स रचणाऱ्या मंडळींपैकी डेनिस रिची यांना कुणीतरी विचारलं होतं की यातला ‘आय’ कशाचा. त्यांनाही खात्रीनं सांगता आलं नाही. बहुधा ‘इंडेक्स’चा, म्हणाले. या टिपणात फाइल कुणाची, केवढी, कधी बदलली, कुणी वाचावी, आणि तिचा मजकूर डिस्कवर कुठं कुठं ठेवला आहे हे सगळं असतं. एकच गोष्ट नसते, ती म्हणजे फाइलीचं नाव. नाव असतं फोल्डरच्या यादीत. त्या यादीत नुसतं लिहिलेलं असतं, अमुक नाव, आयनोड क्रमांक तमुक. त्यामुळं एकाच आयनोडला दोन नावंही असू शकतात. आम्हा सीमाभागातल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. माझं नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि घरी दुसरं. खुद्द आमच्या गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी झालं. घरात ते बेळगावच राहिलं. गाव तेच, यादीत नावं दोन.

बऱ्याच साठवण-व्यवस्थांत ही आयनोडची वही डिस्क पहिल्यांदा तयार करतानाच बांधून टाकतात. अमुक इतक्या जागेमागं एक ओळ, असा हिशेब धरतात आणि मग त्यात बदल होत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-फोर पद्धतीत साधारणपणे दर सोळा किलोबाइटमागं एक आयनोड धरलेला असतो. झेडएफएससारख्या काही पद्धती लागतील तशी टिपणं वाढवत नेतात, त्यांच्याकडे ही अडचण नाही. आमच्याकडे होती. फाइल चार अक्षरांची असो की शंभर गिगाबाइटची, वहीतली ओळ एकच जाणार. जागा मोजायची रीत वेगळी आणि ओळी मोजायची वेगळी. यांतली कुठलीही एक संपली तरी संगणक एकच वाक्य बोलतो : जागा शिल्लक नाही. अण्णांइतका खुलासा तो करत नाही.

दुसरी गोष्ट पंगतीची. आमच्याकडची व्यवस्था ‘लस्टर’ नावाची होती. १९९९ साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांनी तिची सुरुवात केली. लिनक्स आणि क्लस्टर हे दोन शब्द जोडून नाव केलेलं. एकाच वेळी शेकडो संगणक वाचायला-लिहायला बसतात, तिथं एक डिस्क पुरी पडत नाही. म्हणून लस्टर दोन खाती वेगळी ठेवते. एका संगणकाकडे नावं आणि मुख्य वही, तर मजकूर वेगवेगळ्या पेट्यांमध्ये. मोठी फाइल आली की तिचे तुकडे करून पहिला मेगाबाइट पहिल्या पेटीत, दुसरा दुसऱ्या पेटीत, असे वाटून टाकायचे. याला स्ट्रायपिंग म्हणतात. पाचशे पानांची पंगत बसली की एक वाढपी काय करणार? आठ वाढपी आठ ओळींत सोडले की भात निवायच्या आत शेवटच्या पानापर्यंत पोचतो. वेग येतो तो असा.

पण पानावर एकटाच पाहुणा असेल तर? त्याच्यासमोर आठ वाढपी उभे राहिले तर भात एकच वाढणार आणि सात जण रिकाम्या हातानं ताटकळणार. लस्टरमध्ये याहून वाईट होतं. प्रत्येक पेटीला आपली स्वतंत्र वही असते. फाइल आठ पेट्यांत वाटायची असं ठरलं की ती तयार होतानाच आठही पेट्यांत तिच्या नावे एकेक ओळ अडवली जाते. फाइल चिमुकली असेल तर मजकूर पहिल्या पेटीतच संपतो. बाकीच्या सात पेट्यांत सात रिकाम्या पत्रावळी मांडून ठेवलेल्या, आणि वहीत मात्र त्यांची रीतसर नोंद. म्हणून व्यवस्था सुरुवातीला एकच पेटी धरून चालते. किती वाढपी सोडायचे हे फोल्डरगणिक ठरवता येतं. ते ठरवणं राखणदाराचं काम.

आमच्याकडे वीस-वीस टेराबाइटच्या आठ पेट्या होत्या. मोठ्या पेट्यांत मोठ्याच फायली येणार असं धरून दर मेगाबाइटमागं एक ओळ ठेवलेली, म्हणजे प्रत्येक वहीत साधारण एक कोटी नव्वद लाख ओळी. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे मान्सूनचा अभ्यास करणारा गट. त्यांच्या फायली शंभर-शंभर गिगाबाइटच्या. त्यांची कुरकुर होती की लिहायला फार वेळ लागतो. मी एका संध्याकाळी अगदी मुळाशीच नियम घालून दिला : सगळ्या फायली आठ पेट्यांत. मान्सूनवाले खूश झाले. त्यांच्या प्रमुखांनी कॅन्टीनमध्ये मला मैसूर पाक खिलवला. ही गोष्ट २०१५ सालची. त्या नियमाबद्दल मी पुन्हा दोन वर्षं विचार केला नाही.

मग ती मुलगी आली. तिचं नाव इथं सांगत नाही. पीएच.डी. करत होती. विषय होता मोडी लिपी संगणकाला वाचायला शिकवणं. पहिले चार महिने आम्ही एकमेकांशी कन्नडमध्येच बोललो. एकदा ती माझ्या खोलीबाहेर फोनवर बोलताना ऐकली, “आजोबा, जेवला काय? औषध घेतलं काय?” त्या ‘काय’वरून मी ओळखलं. बाहेर येऊन विचारलं, “खानापूरकडची काय गं तू?” ती लाजली आणि मग दोघंही हसलो. त्यानंतर कामाचं कन्नडमध्ये आणि बाकीचं मराठीत, असा आमचा रिवाज पडला.

तिचे आजोबा मोडी वाचणाऱ्या शेवटच्या पिढीतले. गाव खानापूर तालुक्यातलं, जंगलाकाठचं. घरातल्या आणि आसपासच्या चार-सहा घरांतल्या पेट्यांमधून तिनं जुने कागद गोळा केले होते. खरेदीखतं, वाटण्या, देवस्थानाचे हिशेब, एका विधवेनं दिराविरुद्ध केलेले अर्ज. सगळे मिळून अकराशे पानं. मोडी ही घाईची लिपी. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत फट नाही. अक्षर ओळखायचं तर आधी अर्थ कळायला हवा, आणि अर्थ कळायचा तर अक्षर. संगणकाची इथंच दमछाक होते.

तिनं युक्ती केली ती अशी. प्रत्येक पानातलं प्रत्येक अक्षर कापून त्याचं वेगळं चित्र केलं. सुमारे नऊ लाख चित्रं. मग संगणकाला सराव व्हावा म्हणून प्रत्येक चित्राची पंधरा सोंगं तयार केली. थोडं तिरकं, थोडं पुसट, शाई पसरलेलं, असं. हा सगळ्यांचाच रिवाज आहे, तिनं काही वावगं केलं नाही. सगळी मिळून एक कोटी चव्वेचाळीस लाख चित्रं झाली. आणि प्रत्येक चित्र ही एक फाइल.

मजकूर म्हणाल तर काहीच नाही. प्रत्येकी जेमतेम चार किलोबाइट. सगळा पसारा एकत्र केला तरी साठ गिगाबाइटच्या आत, म्हणजे हल्लीच्या फोनमध्ये मावेल एवढा. आमच्या एकशे साठ टेराबाइटच्या कोठारात ही चिमूटभर मोहरी होती.

डिसेंबर २०१७. शनिवारी सकाळी मान्सूनच्या गटाचा फोन आला. अकरा दिवस चाललेलं त्यांचं गणित पहाटे थांबलं होतं. दर सहा तासांनी ते आपली स्थिती एका नव्या फाइलीत लिहून ठेवत. ती फाइल तयार होईना. जागा शिल्लक नाही. मी पाहिलं तर कोठार साठ टक्के मोकळं. मुख्य वही पाहिली, तिच्यातही ओळी भरपूर. मग पेट्यांच्या वह्या पाहिल्या. आठच्या आठ शंभर टक्के भरलेल्या. कपाट रिकामं, वही भरलेली. अण्णांचा आवाज कानात वाजला तो तेव्हा.

कुणाच्या फायली हे शोधायला वेळ लागला नाही. तिच्या फोल्डरची यादी काढायची आज्ञा मी दिली आणि ती यादी मोजणाऱ्या दुसऱ्या आज्ञेकडे वळवली. अर्ध्या तासानं पडद्यावर एक आकडा आला. एक कोटी चव्वेचाळीस लाख आणि वर काही.

तिला फोन लावला, लागला नाही. आजोबा आजारी म्हणून ती तीन दिवसांपूर्वी गावी गेली होती आणि त्या गावात रेंज यायची ती फक्त देवळाच्या टेकडीवर. मेल टाकली. वाट पाहिली दुपारपर्यंत. मान्सूनवाले दर पंधरा मिनिटांनी विचारत होते. या कोठारातल्या साठ दिवस न हाताळलेल्या फायली पुसल्या जातील, हा नियम पाटीवर लिहिलेला होताच. त्यातल्या बहुतेक फायली त्याहून जुन्या निघाल्या. शिवाय मी खात्री करून घेतली की अकराशे पानांचे मूळ फोटो तिच्या दुसऱ्या जागेत सुरक्षित आहेत. पानं आहेत, तर कापणारी आज्ञा पुन्हा चालवून चित्रं पुन्हा करता येतील. यात काय गेलं? माझ्या मनाशी मी हाच प्रश्न केला, आणि त्याचं उत्तर मला येत होतं असं मला वाटलं.

पुसायला सुरुवात केली. एवढ्या फायली एका दमात पुसायला सांगितलं तर संगणक नकार देतो, यादी फार लांब आहे म्हणतो. म्हणून एकेका पानाचं फोल्डर घेत पुढं जाणारी छोटी आज्ञा लिहिली. एक फाइल पुसायची म्हणजे मुख्य वहीतलं नाव खोडायचं आणि आठ पेट्यांतली आठ टिपणं. सगळी मिळून साडेअकरा कोटी टिपणं. दीड दिवस लागणार होता.

आता सांगतो ते मला त्या वेळी दिसत होतं, तरी मी पाहिलं नाही. पहिल्या तासाभरात चार लाख ओळी मोकळ्या झाल्या. मान्सूनचं गणित पुन्हा सुरू झालं. त्यांचं नुकसान झालं ते एकंदर सहा तासांचं. त्यांना नव्या ओळी लागणार होत्या दिवसाला दहा-वीस. मी तिथं थांबू शकलो असतो. तिच्या फोनची दोन दिवस वाट पाहू शकलो असतो. पण हात घातलाच आहे तर काम पुरं करावं, कोठार झाडूनपुसून स्वच्छ ठेवावं, ही राखणदाराची खोड. आज्ञा चालू ठेवून मी घरी गेलो, जेवलो, झोपलो.

रविवारी रात्री अकराला तिचा फोन आला. टेकडीवर वारा जोरात होता, शब्द तुटत होते. “सर, मेल आत्ता बघितली. चित्रं जाऊ देत. नावं ठेवा. नावांची यादी काढून ठेवा फक्त.”

मला कळेना. “नावं कशाला गं?”

मग तिनं सांगितलं ते असं. कापलेल्या अक्षराचं चित्र कुठलं, हे फाइलीच्या नावात असे. पान, ओळ, कितवं अक्षर. आणि शेवटी ते अक्षर काय आहे ते, देवनागरीत. बहुतेक अक्षरं यंत्रानं लावली होती, आजोबांनी सांगितलेल्या वाचनाशी जुळवून. ते वाचन तिच्या वह्यांत होतं. पण जिथं यंत्र अडखळलं अशी अकरा हजार अक्षरं तिनं सुट्टीत गावी बसून, लॅपटॉप आजोबांच्या पुढ्यात धरून, एकेक विचारून घेतली होती. आजोबा चष्मा वर करून पडद्याला नाक लावत आणि म्हणत, “अगं, इथं जमिनीची बात चाललीय, बैल कुठून येईल मध्येच?” आणि ती तिथल्या तिथं फाइलीचं नाव बदलायची. एका चित्राचं बदललं की त्याच्या पंधरा सोंगांचंही आज्ञेनं बदलून टाकायची. दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा. वेगळं कुठं लिहून ठेवलं नव्हतं. फाइलीच्या नावातच आहे की, असं तिला वाटलं. मूळ फोटो जिथं होते तिथं ही नावं कशी असणार? नाव मजकुरात नसतं. नाव आयनोडमध्येही नसतं. हे तिला मीच एकदा फळ्यावर काढून समजावलं होतं, चहा पिता पिता.

“आजोबांना विचारून पुन्हा...” मी सुरुवात केली.

“आजोबा आज दुपारी गेले, सर,” ती म्हणाली.

मी आज्ञा थांबवली. तेवीस पानं शिल्लक होती.

त्या रात्री मला जे सारखं आठवत राहिलं ते पुसणं नव्हे, मोजणं. शनिवारी सकाळी मी यादी काढली होती. एक कोटी चव्वेचाळीस लाख नावं, आजोबांनी सुधारलेली त्यातली सगळीच्या सगळी, ओळीनं माझ्या हाताखालून गेली होती. मी ती मोजायला दिली आणि आकडा तेवढा ठेवला. यादीच एका फाइलीत उतरवून ठेवली असती तर ती सव्वा गिगाबाइटच्या आत बसली असती. वहीतल्या एका ओळीत.

सोमवारी अहवाल लिहिला. कारण काय, तर वापरणाऱ्या व्यक्तीने असंख्य लहान फायली निर्माण केल्या. उपाय काय, तर वापरणाऱ्यांना फायलींच्या संख्येची मर्यादा घालून द्यावी. वरिष्ठांनी सही केली. मर्यादा घालायची सोय लस्टरमध्ये आधीपासूनच होती. ती मी चालू केली नव्हती एवढंच. माणशी दहा लाख ठरवली.

पण आकडा जुळत नव्हता. हिशेबातल्या माणसाचा पोरगा मी, मला ते खुपत राहिलं. आठ वह्या, प्रत्येकी एक कोटी नव्वद लाख ओळी. म्हणजे पंधरा कोटींच्या वर. तिच्या फायली दीड कोटींच्या आत. मग वह्या भरल्या कशा? चार दिवसांनी, दाढी करताना, आठवला तो मैसूर पाक. सगळ्या फायली आठ पेट्यांत. तिच्या प्रत्येक अक्षरामागं मीच सात रिकाम्या पत्रावळी मांडल्या होत्या. नियम मुळाशी घातला नसता तर तिच्या सगळ्या चित्रांनी कोठाराच्या ओळींचा दहावा हिस्सासुद्धा व्यापला नसता, मान्सूनचं गणित अडलं नसतं, आणि मी तिला फोनही केला नसता.

अहवाल बदलायचा का? आठ दिवस मी तो बदलला नाही. सही झालेली, विषय संपलेला, नवी मर्यादा लागू झालेली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “अण्णा असते तर त्यांना काय सांगितलं असतंत?” मला उत्तर सुचलं नाही. अण्णांच्या वहीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर त्या ओळीवर एकच आडवी रेघ, वरचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. शेवटी तसंच केलं. जुन्या अहवालातलं वाक्य तसंच ठेवून खाली पुरवणी जोडली. ओळी का संपल्या, नियम कुणी घातला, पुसणं कधी थांबवता आलं असतं. वरिष्ठांनी वाचून फक्त “हं” म्हटलं. मान्सूनच्या प्रमुखांनी त्यानंतर काही दिवस माझ्याशी जरा कमी बोलणं ठेवलं. का ते मला अजून कळलेलं नाही.

ती चौदा दिवसांनी परतली. तिला कॅन्टीनमध्ये नेऊन सगळं सांगितलं, आठ पेट्यांसकट. तिनं ऐकून घेतलं. कपातला चहा गार झाला होता, त्यावर साय धरली होती, ती चमच्यानं बाजूला करत राहिली. मग म्हणाली, “होगली बिडी, सर.” जाऊ द्या हो, या अर्थाचं. आमच्यात बाकीचं मराठीत बोलायचं ठरलेलं होतं. हे ती कन्नडमध्ये बोलली. मी त्यावर पुढं काही बोललो नाही.

पुढं व्यवस्था सुधारली. मुळाशी आता एकच पेटी. मान्सूनवाल्यांच्या फोल्डरापुरते आठ वाढपी. २०१९ साली आम्ही लस्टरची नवी आवृत्ती घेतली. तिच्यात फाइल लहान असेतोवर एका पेटीत राहते, वाढत गेली की मग तिला जास्त पेट्या मिळतात. पाहुणे येतील तसे वाढपी. ही सोय २०१७ सालीच निघाली होती, आमच्यापर्यंत पोचायला दोन वर्षं गेली. लहान चित्रं एका मोठ्या फाइलीत बांधून ठेवायला मी आता नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. अण्णांच्या लाल रुमालासारखी. शंभर कागद, एक रुमाल, वहीत एक ओळ. आणि रोज रात्री दोन वाजता एक आज्ञा चालते. ती कोठारातल्या सगळ्या नावांची यादी करून एका फाइलीत ठेवते. कुणी मागितलेली नाही. यंत्राला तिचा थोडा त्रास होतो, वरिष्ठ मधूनमधून विचारतात, मी विषय बदलतो.

तिनं पीएच.डी. पुरी केली. वह्यांतलं वाचन होतंच. अडखळलेली अक्षरं तिनं वगळली आणि तसं प्रबंधात सरळ लिहिलं. परीक्षकांनी आक्षेप घेतला नाही. तिच्या यंत्राला जमिनीचे कागद बऱ्यापैकी वाचता येतात. विधवेचे अर्ज अजून येत नाहीत. तिथं अक्षर फार घाईत लिहिलेलं आहे, असं ती म्हणते.

त्या उरलेल्या तेवीस पानांचं सांगायचं राहिलं. ती परतली त्याच संध्याकाळी आम्ही दोघं त्यांची यादी घेऊन बसलो. तीन लाख नावं. आजोबांनी बदललेल्या नावांच्या शेवटी ती एक छोटी खूण करायची, ‘आ’ एवढंच अक्षर. ते शोधून वेगळं काढलं, सोंगं वगळली. दोनशे एक्केचाळीस नावं निघाली. पान, ओळ, अक्षर, आणि ‘आ’. तिनं ती ऑफिसच्या प्रिंटरवर छापून मागितली. पाच पानं झाली. मी टाचणी मारून दिली. तिनं दिव्याखाली धरून पहिलं पान वाचलं, एका ओळीशी बोट थांबवलं आणि म्हणाली, “याच्यावरनं आमचं भांडण झालं होतं.”

“कोण बरोबर होतं?” मी विचारलं.

“तेच,” ती म्हणाली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.